बिडाचं फ्लायव्हील

पहिलं इंजिन फुटलं ते भर दुपारी, सव्वाबाराच्या सुमाराला. स्टँडवर बांधून आम्ही ते चालवून बघत होतो. आवाज चढत चढत गेला आणि एकदम बंदुकीसारखा बार झाला. कनेक्टिंग रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला, माझ्या डाव्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्याला भोक पाडून शेजारच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये जाऊन पडला. गरम तेल माझ्या छातीवर उडालं. मी मटकन खाली बसलो. नेमण्णा मात्र धुरात वाकून त्या भोकात डोकावत होता.

"कान हाय का जाग्यावर?" त्यानं विचारलं.

"हाय."

"मग ऐक. बोल्ट तुटलाय, रॉड न्हाई. रॉड चांगला हाय."

हे साल चौऱ्याण्णव. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं क्रँकशाफ्ट घासायचं दुकान होतं, आजही आहे. मी दिलावर शिकलगार. आमच्या घराण्यात पूर्वी तलवारींना धार लावायचे, आजोबा विळ्या-अडकित्त्यांवर आले, वडिलांनी लेथ घेतला. शेजारच्या गाळ्यात नेमगोंडा उपाध्ये, म्हणजे नेमण्णा, गाड्यांची इंजिनं बांधायचा. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, हातकणंगल्याकडचा जैन. दिवस मावळल्यावर जेवायचा नाही, टेबलावर मुंग्या असल्या तर फुंकर मारून बाजूला करायचा आणि मगच स्पॅनर ठेवायचा. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "अण्णा, अजून सहा महिने निघतील ना?" तर हा म्हणायचा, "सहा दिवस बी न्हाई."

त्याच्या डोक्यात एकच वेड होतं. साध्या माणसाची रस्त्यावरची गाडी, पद्मिनीसारखी. ती एका साध्या ओव्हरहॉलच्या खर्चात अशी पळवून दाखवायची, की परदेशी इंजिनवाल्यांनी मागून बघत राहावं.

"पैसा ओतून कोण बी पळवतंय लगा," तो म्हणायचा. "त्यात मेंदू कुठं हाय?"

म्हणून आम्ही दोघांनी त्याच्या जुन्या पांढऱ्या पद्मिनीचं इंजिन घेतलं. पिस्टन आणि रॉड एका वजनाचे करायचे होते, त्यासाठी त्यानं गुजरीतल्या एका सोनाराचा काटा दोन दिवस मागून आणला. सोनार दोन्ही दिवस शेजारी बसून होता, काटा तेलकट होईल म्हणून. कॅमशाफ्ट मी घासला, तीन वाया घालवून चौथा. भंगारातले दोन कार्बुरेटर जोडले. हेडमधल्या हवेच्या वाटा नेमण्णानं हातानं घासल्या. त्याला मोजमाप लागायचं नाही. करंगळी आत घालायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हितं अजून केसभर."

फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाचं जड चाक. ते हलकं केलं की इंजिन झटकन उसळतं. पोलादी फ्लायव्हील करून घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं, आणि ते केलं असतं तर स्वस्त इंजिनचा सगळा मुद्दाच गेला असता. म्हणून गाडीचं मूळचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील मीच लेथवर उतरवलं. साडेआठ किलोचं साडेपाच किलोवर आणलं. बीड ठिसूळ. पातळ केलं की भरवसा नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"साडेसहा हजाराच्या वर न्यायचं न्हाई," नेमण्णा म्हणाला आणि फेऱ्यांच्या काट्यावर त्या ठिकाणी नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली. नेलपॉलिश पद्माक्काचं, त्याच्या बायकोचं.

दुसऱ्या ब्लॉकवर बांधलेलं इंजिन स्टँडवर फुटलं नाही. डिसेंबरात एका सकाळी आम्ही हायवेला शिरोलीच्या पुढं गेलो. नेमण्णा चालवत होता. परत येताना मागून विक्रांत इंगवलेची गाडी आली. विक्रांतच्या बापाचे खडीचे क्रशर होते, चार-दोन गावांत दहशत होती. पोरानं मुंबईहून जपानी इंजिन आणून गाडीत बसवलं होतं आणि ती गाडी सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होती. त्यानं हॉर्न वाजवला, वाट मागितली. नेमण्णानं वाट दिली आणि तो शेजारी आल्यावर पाय दाबला.

मला अजून आठवतं, विक्रांतच्या शेजारी बसलेल्या माणसानं वळून आमच्याकडं बघितलं तो चेहरा. मग तो चेहरा मागं गेला. पंचगंगेच्या पुलापर्यंत विक्रांत आम्हाला गाठू शकला नाही. नेमण्णा लहान मुलासारखा हसत होता.

तिसऱ्या दिवशी विक्रांत गाळ्यावर आला. तिशीचा असेल. पांढरे कपडे, आवाज हळू.

"अण्णा, हे इंजिन मला पायजे."

"विकायचं न्हाई, दादा. एखादी पद्मिनी आना, असंच बांधून देतो. खर्च बी सांगतो, कागदावर."

"मला दिलं तसं दुसऱ्याला बी देणार?"

"मागंल त्याला देणार. त्यासाठीच केलंय."

विक्रांत इंजिनकडं बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "मग ते माझं कसं व्हनार?" आणि निघून गेला.

जानेवारीत कागलच्या अलीकडं एका नव्या सरळ रस्त्यावर गाड्यांची शर्यत ठेवली होती. रस्ता पुरा झाला होता पण उद्घाटन झालं नव्हतं, कोनशिलेवर अजून फडकं बांधलेलं होतं. शर्यत रविवारी होती. आम्ही नाव दिलं होतं.

शनिवारी दुपारी मी जेवून परत आलो तेव्हा नेमण्णा गाडीखालून सरपटत बाहेर येत होता. त्याच्या बोटांना खडूची पूड लागली होती. चेहरा पडलेला होता.

"दिलावर," तो म्हणाला, "उद्याचं जरा..."

तेवढ्यात दारात जीप थांबली.

विक्रांत आणि चार माणसं. एकानं आत आल्या आल्या शटर निम्मं खाली ओढलं.

"गाडी न्यायला आलोय," विक्रांत म्हणाला.

"विकायची न्हाई म्हटलं होतं की, दादा."

"इकत कोण घेतंय?"

मी कोपऱ्यातला पाना उचलला. पहिला माणूस माझ्या अंगावर आला त्याच्या जबड्यावर घातला. त्याचे दोन दात फरशीवर पडले, ते पडताना मी बघितले. मग मागून माझ्या बरगडीवर लोखंडी नळी बसली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बसली तेव्हा माझ्या आतून काहीतरी मोडल्याचा आवाज मलाच आला. मी पडलो. पोटात, पाठीत, तोंडावर लाथा बसत होत्या. तोंडात रक्ताची आणि ग्रीसची चव एकत्र आली.

"सोडा त्याला!" नेमण्णा ओरडत होता. "गाडी घ्या! किल्ली आतच हाय! घ्या आन् जावा!"

"गाडी घेतलीच," विक्रांत म्हणाला. "पण उद्या तू दुसरी बांधशील." तो नेमण्णाच्या अगदी जवळ गेला. "हेड कुठल्या हातानं घासलंस?"

दुसरा कुणीही असता तर डावा हात पुढं केला असता. नेमण्णा म्हणाला, "उजव्या."

त्यांनी त्याचा उजवा हात टेबलावरच्या व्हाईसच्या लोखंडी जबड्यांत घातला. दोघांनी त्याला खांद्याला धरलं. विक्रांतनं जबडे हाताला लागेपर्यंत हँडल फिरवलं आणि थांबला. माझ्याकडं बघितलं.

"ह्याला उचला. ह्याचा दोस्त हाय. ह्योच फिरवंल."

मला उभं केलं. मी हात मागं ओढला, परत बरगडीवर नळी बसली. डोळ्यांपुढं पांढरं झालं. विक्रांतनं माझा पंजा हँडलवर ठेवला, वरून स्वतःचा पंजा ठेवला, आणि फिरवलं.

लेथवर टूल जास्त खोल गेलं तर डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. हँडलमधून थरथर वर येते. तसंच मला कळलं. आधी एक हाड, मग दुसरं, मग एकदम बरीच. माझ्या तळहाताला कळलं. नेमण्णाचा आवाज तर मी सांगतच नाही.

ते गाडी घेऊन गेले. शटर वर गेलं तसा उजेड आत आला. नेमण्णा फरशीवर पडला होता. रस्त्याला लागलेल्या पांढऱ्या गाडीकडं तो डोळे ताणून बघत होता, तोंड उघडं होतं. मला वाटलं ओरडायचंय, पण आवाज निघत नाहीय.

सगळ्या उद्यमनगरानं त्या दुपारी काही बघितलं नाही. आम्हाला दवाखान्यात नेलं ते वेल्डिंगवाल्या बाईनं, टेम्पोतून. पोलीस येऊन गेले, इंगवले हे नाव ऐकून त्यांनी वही मिटली.

संध्याकाळी नेमण्णावर शस्त्रक्रिया झाली. दोन बोटं काढावी लागली, मधलं बोट कायमचं ताठ राहणार म्हणाले. मला छातीला पट्टे बांधले होते, तरी मी त्याच्या उशालाच बसून राहिलो. पद्माक्का धाकट्या मुलीला घेऊन सकाळी घरी गेली. नेमण्णानं डोळे उघडले तेव्हा दहा वाजले होते.

"दिलावर, किती वाजले?"

"धा."

"शर्यत कवा हाय?"

"साडेधाला चालू व्हईल. का?"

त्यानं ओठ ओले केले. "फ्लायव्हीलला भेग हाय. खालचं झाकण काढून रॉकेल लावलं, पुसलं, खडू घासला. बोल्टाच्या भोकापासनं निम्म्यापर्यंत रेघ उमटली. तेच तुला सांगत व्हतो, तवर ते आले."

मी त्याच्या तोंडाजवळ वाकलो.

"पाय दाबला की फुटंल. ते चाक चालवणाऱ्याच्या पायापाशी असतंय. मी बोललो न्हाई रे. गाडी जाताना बोलायला पायजे व्हतं, मी बोललो न्हाई." त्यानं डाव्या हातानं माझा शर्ट धरला. "जा. थांबव त्याला. असलं पाप माझ्या माथी नगं."

मी मोटरसायकल काढली. प्रत्येक खड्ड्याला बरगड्यांत सुरी फिरत होती.

मी पोचलो तेव्हा गाडी रेषेवर लागली होती. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. मगदूम सर, शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे मास्तर, हातात निशाण घेऊन गाडीच्या उजव्या अंगाला, चालवणाऱ्याच्या दाराजवळ उभे होते. विक्रांत जागच्या जागी इंजिन ताणत होता. आमचं इंजिन होतं ते, आवाज मला अंगात ओळखू येत होता, आणि तो लाल रेघेच्या कितीतरी वर गेला होता. मी गर्दीतून घुसलो. सांगायला वेळच नव्हता. मी मगदूम सरांची कॉलर धरली आणि त्यांना मागं, डिकीच्या बाजूला ओढलं. सरांचा तोल गेला, निशाणाचा हात वर उडाला. विक्रांतनं क्लच सोडला.

फुटलेल्या बिडाचा आवाज तोफेसारखा नसतो. फार मोठं मडकं दगडावर आपटावं तसा तो आला. गाडीचं बॉनेट मागच्या कडेनं उचकटलं. एक तुकडा काच फोडून वर गेला, उसात जाऊन पडला. दुसरा उजव्या बाजूचा पत्रा फाडून, मगदूम सर ज्या जागी उभे होते तिथूनच गेला आणि पलीकडच्या मैलाच्या दगडाचा वरचा तुकडा उडवून गेला. बाकीचं आत राहिलं.

मग विक्रांतचा आवाज. दार उघडून मीच त्याला बाहेर ओढला. पायांतले बूट जागेवर होते, पण ते त्याच्याबरोबर बाहेर आले नाहीत. रस्ता नवा होता, डांबर काळंभोर. त्यावरून मी आणि मगदूम सर त्याला ओढत नेत होतो तेव्हा मागं राहिलेला पट्टा मला अजून दिसतो. सरांनी निशाणाचं कापड फाडून बांधलं. विक्रांत वाचला. दोन्ही पाय गेले, एक घोट्यातून, एक नडगीतून.

तिसऱ्या दिवशी इंगवल्यांच्या माणसांनी नेमण्णाचा गाळा पेटवला. त्यांचं म्हणणं, इंजिन वाईट बांधलं होतं. सोनाराचा काटा तेवढा आधीच परत केला होता. आमचे साचे, हत्यारं, वह्या, सगळं जळालं. मी बादल्या मारत होतो तेव्हा माझ्या दुकानाचा पत्राही लाल झाला होता.

मी नेमण्णाला दवाखान्यात सांगितलं, "गेलो, पण उशीर झाला. गाडी रेषेवर लागली व्हती."

तो भिंतीकडं तोंड करून पडला. त्यानं परत कधी इंजिनला हात लावला नाही. शाहूपुरीच्या मागं पिठाची गिरणी घातली, विजेवरची. मगदूम सर मात्र दर ईदला माझ्या घरी यायचे, साखर घेऊन. "ह्या माणसानं मला ओढलं," ते माझ्या मुलांना सांगायचे. "वरनंच कुणीतरी ह्याला बुद्धी दिली."

एकोणीस वर्षं गेली.

एका सकाळी दुकानासमोर एक गाडी थांबली. चालवणारा उतरला तो आधी दोन कुबड्या बाहेर टाकून. पॅन्टखालचे पाय लाकडासारखे पडत होते. केस पांढरे, अंग सुटलेलं. मी ओळखलं.

"वळखलंस?" विक्रांत म्हणाला.

"वळखलं. बसा."

तो बसला. बाप वारला होता, क्रशर बंद पडले होते. "हातानं चालवायची केलीय गाडी," तो म्हणाला. "ब्रेक हाताला, एक्सलेटर हाताला. क्लचचं काय जमंना कुणाला, त्यो अजून लाकडी पायानंच दाबतोय. दोन मेस्त्री झाले. म्हटलं, दिलावरकडं जावं."

मी फडक्यानं हात पुसत राहिलो. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "त्या दिवशी दादा, मी जरा लवकर पोचलो असतो तर..."

विक्रांतनं माझ्याकडं बघितलं. त्याला राग आला नव्हता.

"अजून त्येच सांगतोस?"

"म्हणजे?"

"मंडपात बसलो व्हतो मी. उसाचा रस पीत व्हतो. बॉनेट उघडं व्हतं, गाडी सावलीला उभी व्हती. तू कोनशिलेपाशी मोटरसायकल लावलीस. मला दिसलास. मी तुला बोटं दाखवली. दोन बोटं मिटून. नेमण्णाची दोन गेली ते रातीच कळलं व्हतं. हसलो. वळखलंस ते बी."

माझ्या हातातलं फडकं थांबलं.

"मला वाटलं भ्यालास," तो म्हणाला. "म्हणून पुढं येत न्हाईस. मग गाडी रेषेवर लावली. आन् खिडकीतनं बघतोय तर तू मगदूम सराला मागं ओढतोयस. तवा इंजिन चांगलं वाजत व्हतं, दिलावर. लई चांगलं वाजत व्हतं. मग तू त्याला का ओढलंस? ते मला दवाखान्यात सुचलं. पाय नसलेल्या माणसाला इचार करायला लई वेळ असतो."

हे खरं आहे. मी पोचलो ते विक्रांत रेषेवर यायच्या अकरा मिनिटं आधी. मोटरसायकल लावताना घड्याळ बघितलं होतं. मंडप चाळीस पावलांवर होता. मी पंधरा-वीस पावलं गेलोही. तोंडात शब्द तयार होता: भेग. तेवढ्यात त्यानं उजवा हात वर केला, दोन बोटं मिटली, आणि शेजारच्या माणसांना काहीतरी सांगितलं. ते हसले. माझ्या तळहातात व्हाईसचं हँडल परत थरथरलं. मी थांबलो. अकरा मिनिटं मी तिथं उभा राहिलो. गाडी सावलीतून निघाली, रेषेवर लागली, विक्रांत इंजिन ताणू लागला. फुटलेलं चाक कुठून बाहेर येणार ते मला बरोबर माहीत होतं. म्हणूनच सरांना कुठं ओढायचं तेही माहीत होतं.

"तुम्ही पोलिसांना का न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगू? चोरलेल्या गाडीत बसलो व्हतो म्हणून?" तो थोडं हसला. "एकाला सांगितलं. नेमण्णाला."

"कवा?"

"आठ वर्सं झाली. बाप गेल्यावर गेलो व्हतो त्याच्या गिरणीत, माफी मागायला. तर त्योच माझ्या पाया पडाय लागला. पाय कुठं हाईत म्हटलं, उठ. म्हणाला, मला भेग ठावी व्हती, मी बोललो न्हाई, दिलावरला धाडलं पण त्याला उशीर झाला. मग मला ऱ्हावलं न्हाई. म्हटलं, दिलावर उशिरा आलाच नव्हता."

"मग?"

"काय न्हाई. पीठ चाळत बसला. जाताना म्हणाला, हे त्याला सांगू नगंस."

आठ वर्षं. आठ वर्षं दर गुरुवारी नेमण्णा माझ्या दुकानात येऊन बसत होता. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा होता, दीड हातानं.

मी विक्रांतला गाडी तिथंच ठेवून रिक्षानं जायला सांगितलं. दुकान बंद केलं. भर दुपार होती. गिरणीत नेमण्णा एकटाच होता, भुवयांवर पीठ. मला बघून त्यानं गिरणी बंद केली. पट्टा फिरायचा थांबेपर्यंत मी दाराशी उभा राहिलो.

"नेमण्णा, मी येळेत पोचलो व्हतो."

"मला ठावं हाय."

"मी बोललो न्हाई. उभा राह्यलो."

"व्हय."

"एवढी वर्सं तू सोताला खात राह्यलास. मी बघत व्हतो. तरी बोललो न्हाई."

त्यानं धान्याचं पोतं पुढं ओढलं, त्यावर बसला. मला दुसरं दाखवलं. मी बसलो नाही.

"बस," तो म्हणाला. "त्या दिवशी मला शुद्ध कवा आली, ठावं हाय तुला?"

"धाला."

"साडेसातला." त्यानं चांगल्या हातानं भुवया पुसल्या, पीठ आणखी पसरलं. "तू उशाला व्हतास. झोपला व्हतास, मान खाली पडलेली. तोंड सुजलेलं, एक डोळा मिटलेला. भिंतीवर घड्याळ व्हतं. मी बघितलं आन् डोळे मिटून घेतले. आठ झाले. नऊ झाले. पद्मी आली, गेली. मी जागाच व्हतो. हिशेब करत व्हतो, कागलला जायला किती येळ लागंल. धाला तुला उठवलं. मला वाटलं, आता पोचायचा न्हाई."

मी बसलो.

"तुला धाडलं ते मला म्हणता यावं म्हणून, की धाडलं व्हतं," नेमण्णा म्हणाला. "तू येळेत पोचशील हे मला वाटलं नव्हतं. विक्रांतनं सांगितलं तवा मला तुझा राग आला न्हाई, दिलावर. लाज वाटली. माझं काम तुझ्याकडनं करून घेतलं मी."

बाहेर कुणीतरी डबा घेऊन आलं होतं, गिरणी बंद बघून उभं होतं. नेमण्णानं हातानंच थांबायला सांगितलं.

"तो का आला व्हता?" त्यानं विचारलं.

"क्लच हाताला घ्यायचाय म्हणतोय."

"घेतलंस काम?"

"अजून न्हाई."

"घे," तो उठला. "तार वापरू नगंस, ताणली जाती. तेलाच्या दाबावर कर. मी येतो उद्या."

तो आला. गिरणी बंद ठेवून आला, आणि पुढचे अकरा दिवस येत राहिला. त्याच्या उजव्या हाताला आता फक्त धरता येत होतं. पण कुठं किती घासायचं ते तो सांगायचा आणि मी घासायचो. त्या अकरा दिवसांत आम्ही शर्यतीबद्दल एक शब्द बोललो नाही. मधल्या शुक्रवारी मी मगदूम सरांच्या घरी जाऊन त्यांनाही सगळं सांगितलं. सर पंचाऐंशीचे होते. त्यांनी ऐकलं, आत गेले, आणि मी उठेपर्यंत बाहेर आले नाहीत. पुढच्या ईदला ते आले नाहीत.

विक्रांत गाडी न्यायला आला तेव्हा आम्ही तिघंच होतो. तो आत बसला, कुबड्या मागं टाकल्या. मी दाराशी उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी येळेत आलो व्हतो, दादा. भेग ठावी असून गप राह्यलो."

विक्रांतनं नेमण्णाच्या हाताकडं बघितलं, मग समोर बघितलं. नव्या दांड्यावर हात ठेवला, दाबला, सोडला, परत दाबला.

"क्लच जरा जड हाय," तो म्हणाला.

"वापरून हलका व्हतोय," नेमण्णा म्हणाला.